हात शिकलेले, कागद कोरा
(मिरकरवाडा येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मी कोळंबी सोलते. किलोवर पैसे मिळतात. ताजी कोणती, उतरलेली कोणती, वासावरून सांगते.

१९९७ साली युरोपने अस्वच्छतेचं कारण देऊन भारतातली मासळी काही महिने बंद केली. त्यानंतर कारखान्यांना तपासणी जाणणारी माणसं हवी झाली. आमच्याकडे ती बाहेरून आली. आम्ही सोलायच्या टेबलावरच राहिलो.

शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून जवळच आहे. पण पदवीला बारावी विज्ञान लागतं. माझी शाळा सातवीत सुटली.

म्हणून आपली मागणी: मराठीतून छोटे अभ्यासक्रम हवेत. शिकण्याच्या दिवसांची मजुरी बुडू नये. दाखल्याबरोबर पगारही वाढावा. नुसता कागद भिंतीवर टांगून चूल पेटत नाही.