चुना, कोळसा आणि स्पॅनिश
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला परकी भाषा कशी शिकावी यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मी स्पॅनिश शिकले ती इंग्रजी पुस्तकांतूनच. डावीकडे स्पॅनिश शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ, खाली एक नमुना वाक्य. मोबाईलवरच्या ॲपमध्येही आज हीच मांडणी असते. पद्धत चांगली आहे, पण ती इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी बेतलेली आहे. मराठी शाळेत शिकलेल्यांनी ती जशीच्या तशी घेऊ नये, एवढंच मला सांगायचं आहे.

आपल्या गावापासूनच सुरुवात करू. राजूर म्हणजे कोळसा आणि चुना. कोळशाला स्पॅनिशमध्ये 'कार्बोन', खाणीला 'मिना', खाणकामगाराला 'मिनेरो'. इथवर सोपं आहे. आता चुना. इंग्रजीत चुन्याला 'लाइम' आणि लिंबालाही 'लाइम'. शब्दकोशात 'लाइम' काढून समोरचा पहिला शब्द उचलला, तर बहुधा 'लिमा' हाती येतो. लिमा म्हणजे लिंबू, आणि लोखंड घासायची कानससुद्धा. आपल्या भट्टीतला चुना म्हणजे 'काल'. राजूरच्या पोरानं 'आमच्या गावात लिमाच्या भट्ट्या आहेत' असं लिहिलं, तर तिकडचा माणूस म्हणेल, हे लोक लिंबं भाजतात की काय!

इथे नमुना वाक्य कामी येतं. 'ला पारेद एस्ता पिंतादा कोन काल', म्हणजे भिंत चुन्यानं रंगवली आहे. भिंत डोळ्यांसमोर आली की लिंबू आपोआप बाजूला होतं. म्हणून शब्द कधी एकटा पाठ करू नये.

दुसरा धोका सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा. 'एक्सितो' हा बाहेर जायचा रस्ता नाही, ते यश आहे. बाहेर जायची वाट म्हणजे 'सालिदा'. 'एम्बारासादा' म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर बाई. स्पेनमध्ये कोणी 'कोन्स्तिपादो' असला, तर त्याचं पोट बिघडलेलं नसतं, त्याला सर्दी झालेली असते. इंग्रजीच्या भरवशावर अंदाज बांधला की असं फसायला होतं.

आता आपली जमेची बाजू. 'मला आंबे आवडतात' हे वाक्य घ्या. इंग्रजीत 'मी' कर्ता होतो. स्पॅनिशमध्ये म्हणतात, 'मे गुस्तान लोस मांगोस'. 'मे' म्हणजे मला, आणि क्रियापद चालतं आंब्यांच्या मागं. एकच आंबा असेल तर 'गुस्ता', अनेक असतील तर 'गुस्तान'. आपलंही तसंच, आवडतो आणि आवडतात. इंग्रजी बोलणाऱ्यांना यासाठी वेगळा धडा लागतो. तो आपण दुसरीतच शिकून बसलो आहोत, फक्त इंग्रजीचा रकाना तो झाकून ठेवतो.

तसंच लिंगाचं. काळा बोका 'गातो नेग्रो', काळी मांजर 'गाता नेग्रा'. विशेषण नामाप्रमाणे बदलतं, याचं आपल्याला नवल नाही. 'तू' आणि 'तुम्ही' यांच्यासाठी त्यांच्याकडे 'तू' आणि 'उस्तेद' आहे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे. 'मान्याना' या एकाच शब्दाचा अर्थ सकाळ आणि उद्या. आपल्याकडची म्हातारी माणसं 'सकाऊन ये' म्हणतात, तेव्हा उद्याच यायचं असतं, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागेल?

पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. तिनं मराठीला पगार, साबण, मेज, चावी असे शब्द दिले. स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं. कॉलरीच्या घरात वाढलेल्याला हा शब्द पाठ करावा लागत नाही.

मित्रहो, आपल्या गल्लीत मराठी, हिंदी, तेलुगू एकत्र नांदत होत्या. 'इटु रा' म्हणजे 'इकडे ये', हे कोणी भाषांतर करून सांगितलं नाही. हाक आली, पोरगं धावलं आणि अर्थ कळला. भाषा शिकायची ती सवय आपल्या अंगात आहे. तरीही 'माझं इंग्रजी कच्चं आहे, मग परकी भाषा माझ्यासाठी नाही' असं म्हणून आपली मुलं दहावीनंतर ती वाट सोडून देतात. मला सलतं ते हे. स्पॅनिश सुमारे 20 देशांची राजभाषा आहे. हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीत आणि दिल्लीच्या जेएनयूत ती पदवीपर्यंत शिकता येते, अगदी मुळाक्षरांपासून. आणि हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे.

म्हणून शाळेतल्या मुलांना माझं सांगणं आहे, वहीत चार रकाने आखा. पहिल्यात स्पॅनिश शब्द, 'एल' किंवा 'ला' लावून. दुसऱ्यात इंग्रजी अर्थ. तिसऱ्यात मराठी अर्थ, शक्यतो घरात बोलतो त्या मराठीत. चौथ्यात स्वतःचं वाक्य, ज्यात आपलं गाव, आपली माणसं असतील. रोज पाच शब्द पुरेत, पण चौथा रकाना कोरा ठेवायचा नाही. दर रविवारी एक तास मी फोनवर शिकवायला तयार आहे. वह्यांचा खर्च आपल्या बॅचनं उचलावा, अशी विनंती करते आणि थांबते.