ध्वजाचा मान कशात आहे?

(ट्रॉम्बे येथील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



१५ ऑगस्टला ट्रॉम्ब्यात कोळीवाड्यापासून कारखान्यांच्या दारांपर्यंत ठिकठिकाणी तिरंगा चढतो. चिता कॅम्पातही तो चढतो. अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीला जागा हवी म्हणून आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, जनता कॉलनी पाडली गेली आणि तेथील हजारो कुटुंबांना चिता कॅम्पात आणून टाकण्यात आले. त्या कुटुंबांनी सरकारशी भांडण मांडले, पण ध्वजाशी नाही. ध्वज सरकारचा नसून लोकांचा आहे, हे कोणत्याही संहितेपूर्वी सामान्य माणसाला उमगले होते.

याला इतिहासाचा आधार आहे. १९२३ साली नागपुरात ध्वज घेऊन मिरवणूक काढण्यास सरकारने बंदी केली, तेव्हा सत्याग्रहींच्या तुकड्यांमागून तुकड्या तुरुंगात गेल्या. ९ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर अरुणा असफ अली यांनी ध्वज फडकविला. त्यानंतर एका महिन्याने नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा हातातील तिरंगा न सोडता गोळीला बळी पडला. यांच्यापैकी कोणाजवळही नियमांचे पुस्तक नव्हते. परंतु ज्या वस्तूसाठी माणसे मेली, ती हाताळण्याची रीत पुढच्यांनी शिकून घ्यावी, हे ओघानेच आले.

ही रीत सोपी आहे. ध्वजाची लांबी व रुंदी यांचे प्रमाण ३:२ असावे. केशरी पट्टा वर असावा. भिंतीवर ध्वज उभा लावायचा झाल्यास केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा. सभेत ध्वज काठीवर असेल तर तो वक्त्याच्या उजव्या बाजूस असावा. भिंतीवर असेल तर वक्त्याच्या मागे व त्याच्या डोक्याहून उंच असावा. टेबलावर अंथरण्यासाठी, व्यासपीठ मढविण्यासाठी किंवा पुतळा झाकण्यासाठी तो वापरू नये. त्यावर अक्षरे लिहू नयेत. तो भुईला वा पाण्याला टेकू नये. चढविताना झपाट्याने चढवावा, उतरविताना सावकाश उतरवावा. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास हरकत नाही. आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवावे की, पक्षाचा झेंडा त्याच काठीवर लावता येत नाही, तिरंग्याहून उंच तर मुळीच नाही.

खरी हयगय होते ती दुसऱ्या दिवशी. मुलांच्या हातातले कागदी झेंडे १६ ऑगस्टला गटारात दिसतात. जुलै २०२२ पासून नागरिकाला रात्रंदिवस ध्वज ठेवण्याची मुभा मिळाली. परंतु खाडीवरचा वारा आणि श्रावणातला पाऊस ही मुभा जाणत नाहीत. पत्र्यावर महिनोन् महिने चिंध्या होऊन लोंबणारा ध्वज हा अवमानच होय. फाटलेला ध्वज उतरवून एकांतात, शक्यतो जाळून, संपूर्ण नष्ट करावा असे संहिता सांगते.

कापडाचाही प्रश्न आहे. पूर्वी हाताने कातलेल्या व विणलेल्या कापडाचाच ध्वज चाले. हुबळीजवळ बेंगेरीला, आपल्याकडे नांदेडला, खादीचे कामगार त्यावर पोट भरीत आले. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे ध्वजही वैध ठरले. त्यामुळे झेंडा स्वस्त झाला, हे मान्य केले पाहिजे; गरिबाच्या घरी तो पोहोचला. पण ज्या सूतकताईने या ध्वजाला अर्थ दिला, तिच्या मजुरीचे काय, हा प्रश्न कार्यकर्त्याने विसरू नये. वस्तीच्या सामाईक काठीवर तरी खादीचा ध्वज असावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. २००४ साली नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकविणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. म्हणजे तो हक्क आहे. हक्क हा सक्तीचा दंडुका होऊ शकत नाही. केरळातील तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढणे त्याच न्यायालयाने १९८६ साली चूक ठरविले. १९७१ चा कायदा ध्वज जाळणाऱ्यास वा विटंबणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास सांगतो. पण सनदशीर मार्गाने बदल घडविण्यासाठी केलेली टीका गुन्हा नव्हे, असेही तोच कायदा स्पष्टपणे म्हणतो. म्हणून कोणाच्या दारावर झेंडा आहे आणि कोणाच्या नाही, याची मोजदाद करणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. शेजाऱ्याची निष्ठा तपासण्यासाठी वापरलेला ध्वज नियमाप्रमाणे लावलेला असला, तरी तो अवमानितच झालेला असतो.

तेव्हा काम एवढेच आहे. १४ तारखेला काठी व दोरी तपासावी. झेंडा चढविण्याचा मान दरवर्षी पुढाऱ्यालाच न देता कोळणीला, सफाई कामगाराला, शाळेतल्या मुलीला द्यावा. १६ तारखेच्या सकाळी पिशवी घेऊन गल्ल्यांतून फिरावे व पडलेले झेंडे गोळा करावेत. वंदनानंतर तेथेच वस्तीच्या पाण्याचे, हवेचे आणि घराचे प्रश्न मांडावेत. ध्वजाखाली उभे राहून न्याय मागणे हा ध्वजाचा अपमान नव्हे; तो त्याचा मूळ उपयोग आहे.