जुन्या मोटारीच्या स्टिअरिंगची थरथर
जुन्या मोटारीच्या स्टिअरिंगला जाणवणाऱ्या थरथरीचे मूळ शोधताना ती नेमकी केव्हा येते हे आधी पाहावे लागते, कारण वेळ कळली की अर्धे निदान झालेले असते. ताशी 80 ते 100 किलोमीटरच्या सुमारास ती सुरू होऊन वेग बदलताच ओसरत असेल, तर बहुधा पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग, म्हणजे चाकाभोवतीच्या वजनाची समान विभागणी, बिघडलेले असते. रिमवरचे छोटे वजन गळून पडणे किंवा पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसणे एवढेही त्याला पुरते. अशा वेळी पुष्कळदा अलाइनमेंट करून घेतली जाते, परंतु ती चाकांचे कोन जुळवणारी प्रक्रिया असल्याने थरथर सहसा जात नाही आणि खर्च मात्र वाया जातो.

केवळ ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल, तर ब्रेकच्या डिस्कची जाडी बहुधा सर्वत्र सारखी राहिलेली नसते. मंद वेगातही चाक डुगडुगत असेल, तर थांबलेल्या गाडीच्या टायरवरून हात फिरवून कोठे फुगवटा आला आहे का, हे पाहावे.

सर्वांत काळजीपूर्वक तपासावे लागतात ते सांधे. गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवल्यानंतर चाक डावी-उजवीकडून धरून हलवले असता टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, टोकाचा ढिलेपणा हाताला जाणवतो, तर वर-खाली धरून हलवल्यास बॉल जॉइंटची किंवा बेअरिंगची झीज कळते. टाय रॉडचे टोक निसटल्यास त्या चाकावर ताबाच राहत नाही, म्हणून तेथे ढिलेपणा आढळल्यास दुरुस्तीपूर्वी गाडी रस्त्यावर आणू नये.