बारामतीचा किरण, सोनेरी फिल्म

चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पोहोचले आणि १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर जगापुढे ठेवला. त्यात विजेमुळे नायट्रोजनच्या रेणूंना ऊर्जा मिळते, ते ती कार्बन डायऑक्साइडला देतात आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण बाहेर पडतो.

त्याच दशकात ड्यूपाँट कंपनीने कॅप्टॉन ही सोनेरी फिल्म आणली. पॉलिइमाइड जातीचं हे प्लास्टिक सुमारे ४०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, कारण त्याच्या रेणूसाखळीतल्या कड्या ताठ आणि घट्ट असतात. म्हणूनच अवकाशयानांच्या आवरणात ते दिसतं.

मग २०१४ उजाडलं. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने साध्या हवेतच पॉलिइमाइडवर कार्बन डायऑक्साइड लेसर फिरवला. किरण लागला तिथे त्या चिवट प्लास्टिकचं सच्छिद्र ग्राफीन झालं, काळंभोर आणि वीज वाहून नेणारं. किरण आणि फिल्मची किती सुंदर भेट ही! संवेदक आणि वीज साठवणारे सुपरकपॅसिटर आता थेट फिल्मवर रेखाटता येतात.