सुटकेनंतर ती मुलगी कोणाची?

(महिला संघटनांच्या जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



बालमजुरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वीटभट्टी येते, चहाची टपरी येते. तिथलं मूल निदान येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. मी आज बोलणार आहे ती न दिसणाऱ्या मुलीबद्दल. बंद दाराआड धुणीभांडी करणारी, बाळ सांभाळणारी, रात्री स्वयंपाकघरात अंथरूण टाकणारी. तिचे मालक बरेचदा शिकलेसवरलेले असतात. 'आम्ही तिला मुलीसारखं वागवतो' म्हणतात. मग ती शाळेत का नाही, एवढंच आपण विचारायचं.

कायदा नाही असं नाही. १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा गुन्हा दखलपात्र झाला. २०१५ चा बाल न्याय कायदा तर १८ वर्षांपर्यंत लागू आहे. मुलाला डांबून राबवलं किंवा त्याची मजुरी अडकवून ठेवली, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणजे 'ती पंधराची आहे' असं म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत.

मग अडतं कुठे? मी स्वतः पाहिलेलं सांगते. मोलकरीण संघटनेतल्या एका बाईनं आम्हाला कळवलं की ती काम करते त्याच इमारतीत बारा-तेराची एक पोर आहे, दोन वर्षांत गावाला गेलेली नाही. आम्ही १०९८ ला फोन केला. दुपारी बाराच्या सुमाराला मुलगी त्या घरातून बाहेर आली. आणि मग टोलवाटोलवी सुरू झाली. कामगार खात्याचे अधिकारी म्हणाले, आमचं काम मालकाविरुद्ध तक्रार देण्यापुरतं. पोलीस म्हणाले, आज बाल कल्याण समितीची बैठक नाही, उद्या बघू. दवाखान्याला पोलिसांचं पत्र हवं होतं. बालगृहाला समितीचा आदेश हवा होता. एकेकट्यानं पाहिलं तर जो तो आपल्या नियमाला धरून बोलत होता. ती पोर मात्र संध्याकाळपर्यंत उपाशी बाकावर बसून होती. चार जणांनी तिला तेच तेच प्रश्न विचारले. पाचव्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'मला मॅडमकडेच परत सोडा.'

मालकाला नेमकं हेच हवं असतं. मूल दमलं की जबाब फिरतो, आणि जबाब फिरला की खटला तिथेच बसतो.

त्या दिवशी आमच्या गटातल्या एकीनं कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं. मुलाला २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करायचं असतं, आणि बैठक नसेल तर समितीच्या एका सदस्यापुढेही हजर करता येतं. सदस्याला फोन लागला, रात्री आदेश निघाला, मुलीला बालगृहात जागा मिळाली. नवा कायदा लागला नाही, जादा पैसा लागला नाही. सगळ्या खात्यांना एका धाग्यात ओवणारं कुणीतरी तिथे असावं लागलं.

पण सुटका ही एका दिवसाची गोष्ट. त्यानंतर ती मुलगी कोणाची? तिचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असतं. इथली समिती तिला तिथल्या समितीकडे सोपवते आणि इथली फाईल बंद होते. तिथे तिच्या घरी कोण जाणार? कामाला लावणारा पुष्कळदा नात्यातलाच असतो. घरच्यांनी त्याच्याकडून उचल घेतलेली असते. ती फेडायची म्हणून दोन महिन्यांत पोर पुन्हा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या स्वयंपाकघरात. उचलीपोटी राबवणं ही वेठबिगारी आहे, आणि १९७६ च्या कायद्यानं ते कर्जच रद्द होतं. पण त्यासाठी महसूल खात्याला यात आणावं लागतं. ते आपोआप येत नाही.

म्हणून समन्वय म्हणजे तीन महिन्यांतून एकदा चहा-बिस्किटांची बैठक नव्हे. आपण पुढच्या गोष्टींचा आग्रह धरूया.

मुलीची विचारपूस एकदाच, नीट आणि बाईनं करावी. तीच सगळ्यांनी वापरावी.

प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याचं नाव ठाण्यात दर्शनी भागात लावायला लावा.

अडकलेली मजुरी वसूल झाली का, हे कामगार खात्याला लेखी विचारा. दंडाची रक्कम आणि सरकारनं दर मुलामागे घालायचे १५,००० रुपये पुनर्वसन निधीत जमा झाले का, तेही विचारा.

मुलगी गावी गेली की तिथल्या अंगणवाडी सेविकेला, मुख्याध्यापकांना आणि ग्राम बाल संरक्षण समितीला कळलंच पाहिजे. महिन्यानं पटावर तिची हजेरी आहे का, हे बघणारी एक बाई ठरवा.

आणखी एक. १०९८ ची सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि बरीच वर्षं स्वयंसेवी संस्थांनी चालवली. २०२३ पासून ती जिल्हा प्रशासनाकडे गेली आहे. ओळखीची संस्था आता फोनच्या पलीकडे नसेल. तेव्हा जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना आत्ताच जाऊन भेटा, अडचण येईपर्यंत थांबू नका.

बायांनो, बंद दाराआड पोहोचणारी एकच यंत्रणा आहे, ती म्हणजे घरकामगार बाई. शेजारच्या घरातली पोर आधी तिलाच दिसते. पण बोललं तर काम जाईल ही तिची भीती खरी आहे. तिचं नाव कुठल्याही कागदावर येणार नाही, आणि काम गेलंच तर संघटना तिच्यामागे उभी राहील, हा शब्द आपण तिला दिला पाहिजे. आज दुपारच्या गटचर्चेत प्रत्येक तालुक्यानं हे कसं करणार ते ठरवावं आणि जबाबदार बाईचं नाव लिहून द्यावं.