राज्य बदलले, पोटगीचे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकीसुना आज अमेरिकेत नांदत आहेत. त्यांतल्या एखादीचा संसार मोडला की आपण हळहळतो. पण तिच्या मुलाच्या पोटगीचे पुढे काय होते, हे आपल्याला ठाऊक नसते. मी वकील नाही. लेकीकडे तिथे राहिले असताना ओळखीच्या एका मराठी मुलीबरोबर बसून तिचे कागद वाचले, त्यावरून जे उमगले ते सांगते.

तिथे कुटुंबाचे कायदे राज्याराज्यांचे निरनिराळे. पूर्वी एकाच मुलासाठी दोन राज्यांतली न्यायालये दोन वेगळे हुकूम देत. हा घोळ मिटावा म्हणून १९९२ साली एक नमुना-कायदा तयार झाला आणि १९९६ साली तेथील संसदेने तो सर्व राज्यांना घ्यायला लावला. त्याचे सूत्र सोपे आहे: एका वेळी एकच हुकूम चालायचा.

समजा, हुकूम न्यूयॉर्कचा आहे. आई, बाप आणि मूल यांपैकी एक जरी तिथे राहत असेल, तर रक्कम बदलण्याचा अधिकार सामान्यतः न्यूयॉर्ककडेच राहतो. लेक मुलाला घेऊन माहेरी पुण्याला आली आणि बाप न्यूयॉर्कमध्येच असला, तरी अर्ज तिथेच करावा लागतो.

आता आई मुलासह टेक्सासला गेली आणि बाप कॅलिफोर्नियाला. हुकूम तसाच चालू राहतो, वसुलीही होते. पण दोघांनी लेखी संमती दिल्याशिवाय न्यूयॉर्कला रक्कम बदलता येत नाही. मग मागणाऱ्याने दुसऱ्याच्या दारी जायचे. वाढवून हवी तर आईने कॅलिफोर्नियात, कमी करून हवी तर बापाने टेक्सासमध्ये, हुकूम नोंदवून अर्ज करायचा. दोघेही एकाच नव्या राज्यात आले, तर तिथलेच न्यायालय पाहते.

नवी रक्कम नव्या राज्याच्या हिशेबाने ठरते, मुदत मात्र मूळ हुकुमाच्या राज्याचीच राहते. न्यूयॉर्कमध्ये पोटगी २१ वर्षांपर्यंत आहे. टेक्सासमध्ये सामान्यतः १८ वर्षे किंवा शाळा संपेपर्यंत. घर टेक्सासला हलले म्हणून न्यूयॉर्कच्या हुकुमातली ती पुढची वर्षे बुडत नाहीत.

एवढ्या लांब जायचे कसे, ही भीती त्या मुलीलाही होती. पण परराज्यातल्या व्यक्तीची साक्ष दूरध्वनीवरून किंवा पडद्यावरून घेण्याची सोय त्या कायद्यातच आहे. शिवाय प्रत्येक राज्यात पोटगीचे सरकारी कार्यालय असते. ते दुसऱ्या राज्याकडे कागद पाठवते.

तिचे नुकसान झाले ते निराळ्याच कारणाने. “पगार वाढला, आता जास्त देईन,” असे मुलाच्या वडिलांनी फोनवर कबूल केले होते. त्या शब्दावर तिने वर्षभर अर्जच केला नाही. १९८६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे मागील हप्ते मागाहून बदलता येत नाहीत; फार तर अर्जाची नोटीस दुसऱ्या पक्षाला पोचल्यापासून नवी रक्कम लागू होते. ते वर्ष गेले ते गेलेच. हाच नियम बापालाही आहे. नोकरी गेली आणि तो अर्ज न करता थांबला, तर थकबाकी जुन्याच दराने चढत राहते. “आपसांत ठरले आहे,” हे तिथे चालत नाही.

तेव्हा भगिनींनो, अशी वेळ कुणाच्या लेकीवर आली तर धीर द्याच, पण चार प्रश्नही विचारा. हुकुमाची नक्कल जवळ आहे का? तो कोणत्या राज्याचा? आज कोण कुठे राहतो? अर्ज कधी केलास? चौथ्याचे उत्तर “अजून नाही” असे आले, तर तिला त्याच आठवड्यात त्या कार्यालयात किंवा वकिलाकडे जायला सांगा. घटस्फोट आईबापांचा होतो. पोटगी लेकराची असते, आणि आपल्या संकोचापायी ती बुडता कामा नये.