बिनतारी अडॅप्टर आणि लिनक्सचा संगणक



आज एका लहानशा वस्तूविषयीं बोलावयाचें आहे. अंगठ्याएवढा एक तुकडा संगणकाच्या यूएसबी पोर्टांत बसवितात आणि त्याच्या योगानें संगणक वायफायच्या बिनतारी जाळ्याशीं जोडला जातो. बाजारांत त्याला वायफाय डोंगल म्हणतात. शास्त्रोक्त नांव अडॅप्टर. ज्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली चालते त्यावर हा तुकडा कित्येकदां मुकाट बसून राहतो. अशा वेळीं दोष कोठें आहे हें क्रमानें कसें शोधावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण आमच्या रिठदसारख्या गांवीं तो तसा नाहीं. पीकविम्याचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, शिष्यवृत्तीची मागणी हीं सारीं कामें आतां इंटरनेटवर होतात. २०२५ सालापासून अकरावीचा प्रवेशही सबंध महाराष्ट्रांत ऑनलाइन झाला. म्हणजे खेड्यांतली मुलगी दहावी उत्तीर्ण झाली कीं तिचें पुढचें पाऊल संगणकावरून पडतें. गांवांत चालता संगणक नसेल, तर त्या एका अर्जासाठीं तिला रिसोडची किंवा वाशीमची वाट धरावी लागते.

इकडे चांगले संगणक मात्र अडगळींत पडत आहेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीचा नित्याचा आधार थांबविला, आणि विंडोज ११ ला जी सामग्री लागते ती जुन्या यंत्रांत बहुधा नसते. अशा यंत्रांवर उबंटू, मिंट किंवा डेबियन यांपैकीं लिनक्सची एखादी प्रणाली विनामूल्य घालतां येते आणि तीं आणखी कित्येक वर्षें सेवा देतात. अडचण एकच. जुन्या डेस्कटॉप संगणकांत वायफाय अंगभूत नसतें. चार-पांचशें रुपयांचा अडॅप्टर आणतात, तो चालत नाहीं, "लिनक्स आपल्या कामाचें नाहीं" असा निकाल होतो, आणि धडधाकट यंत्र भंगारांत जातें. तुकड्यावरचा राग यंत्रावर निघतो.

हा निकाल बहुधा घाईचा असतो. वायफाय चालण्यासाठीं पांच गोष्टी एकामागून एक घडाव्या लागतात. तुकड्याला वीज मिळावी. संगणकाला तो दिसावा. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशीं बोलणारा कार्यक्रम, सांपडावा. तुकड्याच्या पोटांत भरावयाचें फर्मवेअर मिळावें. आणि शेवटीं हवेंतून लहर पोहोंचावी. विहिरीचें पाणी पिकाला पोहोंचलें नाहीं, तर शेतकरी विहिरीपासून पाटाच्या कडेनें चालत येतो आणि पाट कोठें फुटला तें पाहतो. येथेंही तसेंच करावें.

प्रथम वीज. तुकडा संगणकाच्या मागील बाजूच्या पोर्टांत थेट बसवावा. पुढील पोर्ट आंतल्या लांब तारेनें जोडलेले असतात आणि जुन्या यंत्रांत ते सैल झालेले असतात. स्वस्त हबावर तर मुळींच विसंबूं नये.

नंतर ओळख. लिनक्सचें टर्मिनल उघडावें आणि एल, एस, यू, एस, बी हीं पांच इंग्रजी अक्षरें लहान लिपींत, मध्यें जागा न सोडतां, लिहून एंटर दाबावें. पोर्टांना जोडलेल्या सर्व वस्तूंची यादी पुढें येते. तुकडा काढून एकदां आणि बसवून एकदां अशी दोन वेळां ही आज्ञा द्यावी. जी ओळ वाढली ती आपली. ओळ वाढलीच नाहीं, तर दोष पोर्टाचा किंवा तुकड्याचा आहे. लिनक्सकडे तो अद्याप पोहोंचलेलाच नाहीं. वाढलेल्या ओळींत चार-चार चिन्हांचे दोन गट असतात व त्यांच्या मध्यें विसर्गासारखें चिन्ह असतें. पहिला गट कंपनीचा, दुसरा वस्तूचा. ही आठ चिन्हें कागदावर उतरून घ्यावीं. आजच्या भाषणांतली एकच गोष्ट लक्षांत ठेवावयाची असेल, तर ती हीच ठेवावी.

याचें कारण उदाहरणानें सांगतों. टीपी-लिंक कंपनीचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा अडॅप्टर जगभर खपला. त्याच्या पहिल्या आवृत्तींत अथेरॉस कंपनीची एआर९२७१ ही चिप होती. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांत २०१० सालापासून आहे. दुसऱ्या आवृत्तीपासून आंत रिअलटेक कंपनीची आरटीएल८१८८ईयूएस ही निराळी चिप आली. नांव तेंच राहिलें. आंतला जीव बदलला. पहिल्या आवृत्तीचा क्रमांक ०सीएफ३ : ९२७१ असा दिसतो, नंतरचीचा २३५७ : ०१०सी असा. शेजाऱ्याकडे चालला म्हणून त्याच नांवाचा आणला आणि तो चालला नाहीं, याचा उलगडा या आठ चिन्हांत आहे. शाळेंत एकाच नांवाचीं दोन मुलें असलीं, तर आपण हजेरीचा क्रमांक पाहतों. तोच हा न्याय.

आणखी एक नवल सांगावयाचें आहे. कांहीं तुकडे पोर्टांत बसतांच आपण वायफाय नसून सीडी आहों असें सांगतात. त्यांच्या पोटांत विंडोजचा ड्रायव्हर सांठविलेला असतो आणि प्रथम तेंच कपाट पुढें केलें जातें. रिअलटेकच्या कांहीं तुकड्यांचा क्रमांक अशा वेळीं ०बीडीए : १ए२बी असा येतो. फाइलींच्या खिडकींत ती खोटी सीडी दिसते; ती इजेक्ट करावी, म्हणजे पुष्कळदां तुकडा आपल्या खऱ्या रूपांत प्रकट होतो. हें काम आपोआप करणारा यूएसबी-मोडस्विच नांवाचा कार्यक्रमही मिळतो.

आतां ड्रायव्हर आणि फर्मवेअर. तुकडा बसवून सुडो डीमेसेज ही आज्ञा द्यावी. तिचीं अक्षरें एस, यू, डी, ओ. मग एक जागा सोडून डी, एम, ई, एस, जी. लिनक्सचा गाभा आपली रोजनिशी लिहीत असतो. तिचीं पानें या आज्ञेनें उघडतात. शेवटच्या कांहीं ओळी वाचाव्या. फर्मवेअर चढविणें असफल झालें आणि पुढें वजा २ असा आंकडा दिसला, तर त्याचा अर्थ इतकाच कीं, हवी ती फाइल सांपडली नाहीं. ती आणून ठेवली कीं काम होतें. जुन्या डेबियनमध्यें हें नेहमीं घडे, कारण मुक्त परवान्याचें नसलेलें फर्मवेअर तिच्या अधिकृत प्रतींत घालीत नसत. ऑक्टोबर २०२२ मध्यें सभासदांनीं मत देऊन तो नियम बदलला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून तें प्रतींतच येऊं लागलें.

फर्मवेअरचा उल्लेखच नसेल आणि बिनतारी जोडणीचें नांवही उमटलें नसेल, तर बहुधा ड्रायव्हर नाहीं. अशा वेळीं कोठून तरी अनोळखी कार्यक्रम आणून घालण्याची घाई करूं नये. प्रथम प्रणाली अद्ययावत करावी. वर सांगितलेल्या आरटीएल८१८८ईयू जातीच्या चिपेसाठीं लिनक्सच्या ६.३ या २०२३ सालच्या आवृत्तीपासून गाभ्यांतच सोय झाली आहे. बाहेरून बांधून घातलेला ड्रायव्हर गाभा बदलला कीं निरुपयोगी होतो. काल चालणारें वायफाय आज अद्ययावतीनंतर बंद पडण्याचें हें नेहमींचें कारण. डीकेएमएस नांवाची सोय असेल, तर ती प्रत्येक नव्या गाभ्यासाठीं ड्रायव्हर पुन्हां बांधते. सिक्युअर बूट चालू असलें, तर सही नसलेला ड्रायव्हर यंत्र आंत घेत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

वायफायच नाहीं तर अद्ययावत करणार कसें, असा प्रश्न आपण विचाराल. अँड्रॉइड मोबाइल यूएसबी तारेनें संगणकास जोडावा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्यें यूएसबी टेदरिंग सुरू करावें. लिनक्स त्याला तारेची जोडणी समजून लगेच स्वीकारतें. खेड्यांत ही युक्ति फार उपयोगी पडते.

सर्व ठीक असूनही जोडणी होत नसेल, तर आरएफकिल लिस्ट ही आज्ञा द्यावी. आर, एफ, के, आय, एल, एल, मग जागा सोडून एल, आय, एस, टी. बिनतारी भाग कोणी बंद करून ठेवला आहे काय, हें ती सांगते. मग राहते लहर. आकाशवाणीच्या मध्यम लहरींची लांबी शेंकडों मीटर असते, २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या वायफाय लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर. ती जाड भिंतीनें व लोखंडी कपाटानें क्षीण होते. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टांतूनही या पट्ट्यांत गोंगाट होतो. इंटेल कंपनीनें २०१२ सालीं तो मोजून प्रसिद्ध केला. तेव्हां तुकडा काळ्या पोर्टांत लावून पाहावा, किंवा चांगल्या, आखूड जोडतारेनें यंत्रापासून हातभर दूर ठेवावा.

हे ड्रायव्हर आकाशांतून पडत नाहींत. लॅरी फिंगर या अमेरिकन गृहस्थांनीं आपल्या उतारवयांत वर्षानुवर्षें लिनक्सच्या बिनतारी ड्रायव्हरांची, विशेषतः रिअलटेकच्या चिपांची, देखभाल केली आणि अडलेल्या अनोळखी माणसांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं. जून २०२४ मध्यें ते वारले. वऱ्हाडांतल्या एखाद्या खोलींत आज जुना संगणक वायफायला जोडला जात असेल, तर त्यांत अशा माणसांच्या श्रमांचा वांटा आहे.

त्या श्रमांत आपणही थोडी भर घालूं शकतों. गांवांतल्या शाळेंत किंवा वाचनालयांत संगणकाशेजारीं एक वही ठेवावी. अडॅप्टरचीं तीं आठ चिन्हें, प्रणालीचें नांव, रोजनिशींत दिसलेली ओळ आणि कोणत्या उपायानें काम झालें, इतकें तींत लिहावें. एकानें शोधलेला मार्ग दुसऱ्याला पुन्हां शोधावा लागूं नये, एवढ्याचसाठीं माणसानें लिपि निर्माण केली आहे. प्रवेशाचे अर्ज सुरू होण्यापूर्वीं अडगळींतला एक संगणक बाहेर काढून पाहावा, अशी आपणांस विनंती करून रजा घेतों.